बँकेकडून थेट घर घेताना: विकणारा मालक नसतो

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही दोघं नोकरी करतो, भांडुपला भाड्याने राहतो. जवळच्याच एका इमारतीत बँकेने जप्त केलेला वन बीएचके लिलावात निघाला आहे. राखीव किंमत ७२ लाख. त्याच इमारतीत तसेच फ्लॅट नव्वदच्या पुढे जातात. लिलावाच्या फंदात न पडता बँकेकडून थेट घेता येईल का? एक एजंट दोन लाख रुपयांत "आतून" करून देतो म्हणतो.

ताई, एजंटाला आजच नाही म्हणा. मी एकोणीस वर्षं एका बँकेच्या वसुली विभागात होतो. त्यातली बरीच वर्षं ज्याच्या सहीने अशी घरं विकली जातात तो प्राधिकृत अधिकारी म्हणून काम केलं. आतून करून देण्यासारखं त्यात काही नसतं. लिलावाची नोटीस जाहीर असते, बोली ऑनलाइन लागते, आणि राखीव किमतीच्या खाली विकायचं तर अधिकाऱ्याला स्वतःच्या जोरावर तसं करता येत नाही. बँक आणि कर्जदार दोघांची संमती लागते. दोन लाख घेणारा माणूस फार तर तुमच्या वतीने फॉर्म भरेल. तो फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता.

थेट घेता येतं का, तर येतं, आणि त्याचे रस्तेही आहेत. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मी पाहिलेल्या बहुतेक फसगती तिथेच सुरू झाल्या. बँक त्या घराची मालक नसते.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून हा घोटाळा होतो. तिथे लिलावात कुणी घेतलं नाही तर कर्ज देणारी संस्था घर स्वतःच्या नावावर घेते आणि पुढे मालक म्हणून बाजारात विकते. आपल्याकडे बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकते. घर कर्जदाराचंच असतं, बँकेकडे ते विकून आपले पैसे वसूल करण्याचा अधिकार असतो. विक्रीतून कर्ज, व्याज, खर्च भागून काही उरलं तर ते कर्जदाराला किंवा ज्याचा हक्क असेल त्याला द्यावं लागतं. म्हणूनच नोटिशीत "जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे" असे शब्द असतात. मालक घर विकतो तेव्हा तो सोसायटीचं बिल भरतो, सामान हलवतो, चावी देतो, शेजाऱ्याशी असलेला भिंतीचा वादही मिटवतो. बँक यातलं काहीच करायला बांधलेली नसते. तुम्हाला दिसणारी अठरा-वीस लाखांची सूट म्हणजे या कामांची मजुरी आहे. ती कामं किती आहेत हे मोजल्याशिवाय घर स्वस्त आहे की महाग हे कळत नाही.

प्रक्रिया थोडक्यात सांगतो. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग कलम १३(२) ची नोटीस जाते, त्यात पैसे भरायला ६० दिवस असतात. नाही भरले तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते, दोन वर्तमानपत्रांत ताबा सूचना छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. नवशक्तीच्या पानांवर बारीक टाइपात येणाऱ्या त्या चौकटी याच. पुढे मूल्यांकन, राखीव किंमत आणि विक्रीची नोटीस. पहिल्या लिलावाला ३० दिवसांची, तो फसला तर पुढच्याला १५ दिवसांची.

आता त्या चौकटीत सगळ्यात आधी एकच शब्द शोधा: ताबा "सांकेतिक" आहे की "प्रत्यक्ष".

सांकेतिक ताबा म्हणजे अधिकाऱ्याने दारावर नोटीस चिकटवली, फोटो काढला आणि तो परत गेला. आत माणसं राहतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, मुलं शाळेत जातात. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामं, बँकेचं कुलूप आणि सील, बाहेर बहुतेकदा सुरक्षारक्षक. सांकेतिकवरून प्रत्यक्षवर जाण्यासाठी बँकेला कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवस दिले आहेत, कारणं नोंदवून ते एकूण ६० दिवसांपर्यंत नेता येतात. माझ्या हातून गेलेल्या प्रकरणांत आदेश, मग कोर्ट कमिशनर, मग पोलीस बंदोबस्ताची तारीख हे सगळं जुळून यायला सहा महिने ते दीड वर्ष लागलं. गणपती, निवडणुका, परीक्षा आल्या की पोलीस बंदोबस्त मिळत नाही आणि तारीख पुढे जाते.

तुम्ही सांकेतिक ताब्यातलं घर घेतलंत तर विक्रीनंतरही बँकेला कलम १४ चा अर्ज चालवता येतो, कायद्याने त्याला आडकाठी नाही. पण तोवर बँकेच्या खात्यात पैसे जमा झालेले असतात. ज्या फायलीतले पैसे आले ती फाइल कपाटात खाली जाते, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलं आहे. इकडे तुम्ही नव्या कर्जाचा हप्ता भरताय, भाडंही भरताय आणि घर दुसऱ्याच्या ताब्यात आहे. तुमच्यासारख्या पगारदार जोडप्याला मी स्पष्ट सांगतो: सांकेतिक ताब्यातलं घर लिलावात घेऊ नका. ज्यांचे पैसे दोन वर्षं अडकले तरी चालतं, त्यांनी घ्यावं.

आत भाडेकरू असेल तर प्रकरण आणखी वेगळं. कर्जाच्या आधीपासूनचा, भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला भाडेकरू सरफेसीच्या जोरावर सरळ बाहेर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ मध्ये सांगितलं आहे. जप्तीच्या तोंडावर अकरा महिन्यांचा करार करून बसवलेल्या माणसाची गोष्ट निराळी. कर्जवसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी, अशा भाडेकराराची खरी-खोटी तपासतं. पण त्या तपासण्यातही महिने जातात.

प्रत्यक्ष ताबा असला तरी घर उघडून आतून पाहिल्याशिवाय बयाणा भरू नका. नोटिशीत पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी टेप घेऊन जा आणि मंजूर नकाशाची प्रत सोबत ठेवा. एक प्रकरण सांगतो. पश्चिम उपनगरातली एक इमारत, चौथा मजला. नोटिशीत फ्लॅट ४०२, वन बीएचके. पाहणीला पाच-सहा जण आले, हॉल पाहिला, खिडकीतून दिसणारं मैदान पाहिलं, खूश झाले. एक बाई मात्र स्वयंपाकघरात ओट्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन जिन्यावरचे दरवाजे मोजायला लागल्या. मजल्यावर चार फ्लॅट असायला हवेत आणि दरवाजे तीनच. कर्जदाराने ४०२ आणि ४०३ मधली भिंत पाडून एक घर केलं होतं. तारण फक्त ४०२ चं. ज्या ओट्यासमोर त्या उभ्या होत्या तो ४०३ मध्ये होता, आणि ४०३ कर्जदाराच्या भावाच्या नावावर. म्हणजे लिलावात जे विकलं जात होतं त्यात स्वयंपाकघरच नव्हतं. आमच्या मूल्यांकनकर्त्याने जागेवर जाऊन मोजमाप घेतलं होतं आणि त्यालाही हे दिसलं नव्हतं. माझी सही त्या नोटिशीवर होती. तो लिलाव आम्ही मागे घेतला, पण त्या बाई नसत्या तर कुणीतरी ते घर घेतलंच असतं.

मुंबईत अशा गोष्टी आणखी पाहायच्या. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का. जमीन कलेक्टरची आहे का, असेल तर हस्तांतराची परवानगी आणि त्याचं शुल्क कुणावर. म्हाडाचं किंवा एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं, घर असेल तर विक्रीबंदीची मुदत संपली आहे का. नोटिशीतलं क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप. राखीव किंमत कशावरून काढली ते त्यावरून उलगडतं. पार्किंग लिहिलेलं नसेल तर ते नाही असं धरा, रखवालदार काहीही सांगो. इमारत पुनर्विकासात जाणार असेल तर विकसकाशी करारावर कर्जदाराने आधीच सही केली आहे का, भाड्याचे धनादेश घेतले आहेत का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारा.

सोसायटीचं ऑफिस बहुतेकदा संध्याकाळी तासभर उघडतं. तिथे जा. बँकेच्या फायलीत नसलेलं बरंच काही त्या एका तासात कळतं. देखभाल खर्चाची थकबाकी किती ते लेखी मागा. कायद्याने ती कुणाकडून वसूल व्हावी यावर वाद घालता येतो, पण भाग दाखला, म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, तुमच्या नावावर करायच्या वेळी सोसायटी आधी तीच पुढे करते. हस्तांतराचं अधिमूल्य मात्र २५ हजारांच्या वर मागता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. विजेचं म्हणाल तर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनन प्रकरणात ठरवलं की जुन्या मालकाची थकबाकी वीज कंपनी, नियमांत तशी तरतूद असेल तर, नवीन जोडणी देताना लिलावातल्या खरेदीदाराकडे मागू शकते. बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या. मालमत्ता कराची भीती थोडी कमी. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून तो माफ आहे, पण त्याआधीची बाकी असू शकते.

कागदांत दोन शोध स्वतः घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू काढा, त्यात त्या फ्लॅटचे मागचे सगळे व्यवहार आणि इतर गहाण दिसतील. सरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या, नोंदवहीत याच घरावर दुसऱ्या कुणाचं कर्ज आहे का ते थोड्या शुल्कात पाहता येतं. एकाच फ्लॅटवर दोन संस्थांकडून कर्ज घेतलेली प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. शिवाय डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने प्रकरण शोधा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत तिथे दाद मागता येते. अर्ज पडून असेल तर पुढची तारीख काय, स्थगिती आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. एवढं करायला तो जे मागेल ते द्या, पण बँकेच्या पॅनेलवरचा वकील घेऊ नका.

आता पैशांचं वेळापत्रक. याने जितकी घरं बुडवली तितकी ताब्यानेही बुडवली नसतील. तुमचाच आकडा घेऊ. राखीव किंमत ७२ लाख, बयाणा बहुधा १० टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार आधी भरायचे. समजा तुमची ७६ लाखांची बोली लागली. २५ टक्के म्हणजे १९ लाख. बयाणा वजा जाता ११ लाख ८० हजार त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले ५७ लाख विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे कुणालाच वाढवता येत नाही. नाही भरले तर भरलेले १९ लाख जप्त. यात दया दाखवायला अधिकाऱ्याला जागा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती योग्य ठरवली आहे. ५० लाख किंवा जास्त किमतीच्या घरावर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, इथे ७६ हजार, आणि तो कुणाच्या पॅनवर भरायचा ते बँकेकडून लेखी घ्यायचं. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क, सुमारे साडेचार लाख, आणि ३० हजार नोंदणी.

म्हणून कर्ज आधी मंजूर करून ठेवा, बोली नंतर. पंधरा दिवसांत नवी बँक कायदेशीर अहवाल, मूल्यांकन आणि वाटप तिन्ही करेल या भरवशावर राहू नका. विकणारी बँकच कर्ज देत असेल तर कागद तिच्याचकडे असतात, काम लवकर होतं. मात्र व्याजदर तिथेही घासाघीस करून घ्या.

एक धाकधूक पूर्वी फार असायची, ती आता बरीच कमी झाली आहे. बोली जिंकल्यावर कर्जदार पैसे घेऊन यायचा आणि घर सोडवायचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि सप्टेंबर २०२३ मधल्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स निकालानंतर स्पष्ट आहे की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. विक्रीच्या प्रक्रियेतल्या चुकीवर तो डीआरटीत जाऊ शकतो. म्हणून नोटीस योग्य दिवसांची होती का, दोन वर्तमानपत्रांत आली का, कर्जदाराला पोहोचली का, हे कागद बोलीआधी अधिकाऱ्याकडे पाहायला मागा. पोचपावती न दाखवणाऱ्या अधिकाऱ्याच्या लिलावात मी स्वतः भाग घेणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, थेट घेण्याचा. रस्ते दोन.

पहिला खाजगी कराराने विक्री. नियमांत तो आहे. दोन-तीन लिलाव बोलीविना गेले की बँक यासाठी तयार होते. अटी लेखी ठरतात आणि राखीव किमतीच्या खाली जायचं तर कर्जदाराचीही संमती लागते. लिलाव फसला की दुसऱ्या दिवशी प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र द्या: अमुक मालमत्ता, अमुक किंमत, पैसे अमुक दिवसांत, कर्ज मंजुरीची प्रत सोबत. तोंडी चौकशी रोज दहा येतात आणि विसरल्या जातात. पत्र फायलीत लागतं आणि वरिष्ठांपर्यंत जातं.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, आणि त्याबद्दल फार कुणी सांगत नाही. कर्जदाराकडूनच घ्या, बँकेला सोबत बसवून. १३(२) ची नोटीस गेल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदार घर विकू शकत नाही. पण संमतीने विकू शकतो. बँक थकबाकीचं पत्र देते, कधी एकरकमी तडजोडीत काही सोडतेही. तुम्ही कर्जाची रक्कम थेट बँकेच्या कर्ज खात्यात भरता, उरलेली कर्जदाराला, आणि त्याच दिवशी निबंधक कार्यालयात खरेदीखत होतं, बँकेचा माणूस मूळ कागद घेऊन तिथे हजर असतो. सूट लिलावाइतकी मिळणार नाही. तुमच्या बाबतीत कदाचित ८२-८३ लाख पडतील. पण मालक स्वतः सही करतो, चावी स्वतःच्या हाताने देतो, सोसायटीचं बिल त्याच्या हिश्श्यातून कापता येतं, आणि कोर्टात जायला कुणाकडे काही उरत नाही. तुमच्या कर्जाची बँकही असं खरेदीखत पाहून निर्धास्त होते.

आणि त्या घरातल्या माणसांचंही थोडं पाहिलं जातं. मी ताबा घ्यायला गेलो त्या प्रत्येक घरात कुणीतरी पाणी विचारलं आहे. एका घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलाची उंची लिहिलेली होती, प्रत्येक वाढदिवसाची तारीख घालून. पंचनाम्यात पंखे, गीझर, ट्यूबलाइट सगळं लिहिलं जातं, ते लिहिलं जात नाही. नोकरी गेली, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं, एवढ्यावर घरं जातात. लिलावात राखीव किंमत उतरत गेली की या माणसांच्या हाती शेवटी काही राहत नाही. तिघे एका टेबलावर बसले तर चार-पाच लाख तरी राहतात, दुसरीकडे भाड्याने जायला, डिपॉझिट भरायला.

तुमच्या भांडुपच्या घराचं म्हणाल तर नोटीस आधीच छापून आली आहे, म्हणजे दुसऱ्या रस्त्याला वेळ थोडा उरला आहे. बँक नोटीस मागे घ्यायला तयार झाली तरच तो खुला. उद्याच नोटिशीतल्या अधिकाऱ्याला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: ताबा कोणता, हा कितवा लिलाव, डीआरटीत काही पडून आहे का. ताबा सांकेतिक निघाला तर बोली लावू नका, आधी त्या कुटुंबाला भेटायला जा. दोघांनी जा, एजंटाला नेऊ नका, रविवारी दुपारी न जाता संध्याकाळी जा, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही बँकेकडून आलेलो नाही. ताबा प्रत्यक्ष असेल तर पाहणीच्या दिवशी टेप आणि नकाशा घेऊन जा, आणि मजल्यावरचे दरवाजे मोजा.